‘रे’वरून ‘सा’वर

गाडी येण्याआधी आण्णा चपला काढून ठेवायचे. दुकानात हार्मोनियमची पेटी उघडायला बसताना ठेवायचे तशाच, जोडीनं, बाजूला. रुकडी स्टेशन सोडून थोडं पुढं गेलं की रुळांच्या कडेला उसाचा एक बांध होता, त्यावर आम्ही दोघं उभे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आण्णांच्या शर्टाच्या खिशात लाकडाच्या तुकड्यावर बसवलेला पेटीतला एक पितळी सूर असायचा. तोंडानं हळू फुंकला की काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, वाजायची. गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला की ते तो सूर ओठांना लावायचे, लगेच काढायचे आणि डोळे मिटायचे. “आता बोलू नगंस.”

मग गाडी यायची. पुढं फाटक असल्यामुळं चालक भोंगा दाबूनच ठेवायचा. इंजिनाची धडधड, वाऱ्याचा झोत, उसाची पानं एका अंगाला झोपायची आणि भोंगा आमच्यासमोरून जाताना एकदम खाली बसायचा. शेवटचा डबा बारका होत गेला की आण्णा डोळे उघडायचे.

“कितीनं उतरला?”

मी गुणगुणून बघायचे. आधीचा सूर, मग नंतरचा. “रे वरनं सा वर.”

“कोमल रे का शुद्ध?”

“शुद्ध.”

“मग नेहमीचीच चाल हाय.”

गाडीचा वेग आकड्यात किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ‘नेहमीची चाल’ त्यांना कानानं माहीत होती. एखाद्या रविवारी भोंगा कोमल रे एवढाच उतरला तर म्हणायचे, “आज दमानं गेली.”

त्यासाठी रुकडीला जावं लागायचं, कारण कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. १८९१ मध्ये मिरजेकडून रूळ आले ते इथंच थांबले. आमच्या गावात गाडी येते ती थांबायलाच येते, आणि थांबायला आलेल्या गाडीचा भोंगा उतरत उतरत स्वतःच्या खऱ्या सुरावर येऊन गप्प होतो. समोरून न थांबता निघून जाणारी गाडी ऐकायची तर गावाबाहेर पडायला हवं. बाकीच्या पोरी रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला जायच्या. मी आण्णांच्या सायकलच्या नळीवर बसून रुळांकडं. मला त्यात कधीच काही कमी वाटलं नाही.

आण्णा पेट्या दुरुस्त करायचे. मिरजकर तिकटीच्या मागं एका बोळात दुकान, समोरून माणूस गेला की आतला उजेड जायचा इतकं लहान. जवळच खासबाग मैदान, जवळच देवल क्लब. त्यामुळं एका दिवशी कुस्तीच्या फडातली हलगी आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी षड्ज, असं दोन्ही आमच्या बोळात शिरायचं. दुकानात पालिताण्याहून आलेले पितळी सूर डब्यातून ठेवलेले. सूर म्हणजे पेटीच्या पोटातली ती पातळ जीभ, हवा गेली की थरथरणारी. तिचा आवाज चढवायचा तर टोकाशी हलकंसं खरडायचं. टोक हलकं झालं की जीभ जास्त वेगानं हलते. उतरवायचा तर मुळाशी खरडायचं. तिथं ती अशक्त झाली की हळू हलते. खरडणं केसाएवढं. चुकलं तर परत फिरता येतं, पण प्रत्येक फेरीत पितळ कमी होतं, म्हणून आण्णा हात लावायच्या आधी बराच वेळ नुसते ऐकत बसायचे.

काय ऐकायचे, ते मला फार उशिरा कळलं. खर्ज-नर पेटीत, म्हणजे एक खालचा आणि एक मधला सूर बसवलेल्या पेटीत, पट्टी दाबली की दोन सूर एकत्र बोलतात. पण जुळवताना आण्णा आधी एक सूर आपल्या माहितीच्या सुराशी लावून घेत. दोन्ही अगदी सारखे असले तर एकच सरळ आवाज येतो. एकाची कंपनं सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असली, तर आवाज सेकंदातून दोनदा फुगतो आणि दोनदा बसतो. याला आण्णा ‘डोलणं’ म्हणायचे. डोलणं बोटांच्या पेरांवर मोजायचे, खरडायचे, पुन्हा मोजायचे. डोलणं मंद होत होत थांबलं की सूर लागला. म्हणजे दिवसभर ते सुरांपेक्षा दोन सुरांमधला फरक ऐकायचे.

रुकडीच्या बांधावर मी पहिली चूक केली ती सगळेच करतात ती. म्हटलं, “आण्णा, गाडी जवळ येताना भोंगा चढत चढत येतोय, मग उतरतोय.”

आण्णांनी मान हलवली. “नीट ऐक. मोठा होतोय. चढत न्हाई.”

पुढच्या गाडीला मी कान देऊन ऐकलं आणि मला धक्का बसला. खरंच चढत नव्हता. लांबून येताना भोंगा आधीच चढा असतो, तो तिथंच टिकून राहतो, आणि आपल्याजवळ आल्यावर फक्त खाली येतो. आवाज मोठा व्हायला लागला की मन त्याला ‘चढला’ म्हणून टाकतं. जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅकबीथ या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये हाच कानाचा भास प्रयोगानं दाखवून दिला. आण्णा तो रुकडीच्या बांधावर, मोठा आणि चढा हे दोन शब्द वेगळे ठेवून, मला त्याआधी कितीतरी वर्षं दाखवत होते.

एकदा त्यांनी मला रुळांजवळ न नेता बांधाबांधानं आत नेलं. रूळ तिथून दीडदोनशे मीटर दूर. गाडी गेली, भोंगा तेवढाच उतरला, पण या वेळी झटकन नाही. निवांत, घसरत, जणू कुणी तारेवर बोट ओढतंय. आण्णा खुशीत म्हणाले, “जवळ उभं ऱ्हायलं की खटका. लांब उभं ऱ्हायलं की मींड. सुरू तिथनंच, संपणार तिथंच.” मी आता शाळेत विज्ञान शिकवते, आणि या दोन वाक्यांहून नेमकं वर्णन मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

हे होतं कसं, ते वर्गात सांगताना मी रंकाळ्यापासून सुरुवात करते. पाण्यापलीकडं कुणी धुणं आपटत असलं तर कापड दगडावर पडलेलं आधी दिसतं आणि ‘थप्प’ मागून येतं. अंतर पाव मैलाच्या जवळ गेलं की आवाज आपल्यापर्यंत येईतो त्या बाईचे हात पुन्हा डोक्यावर गेलेले असतात. आवाजाला यायला वेळ लागतो: २० अंशांच्या हवेत सेकंदाला ३४३ मीटर. आता धुणं सोडा, हलगी घ्या. मिरवणुकीच्या टेम्पोत एक हलगीवाला बसलाय, बरोबर सेकंदाला एक थाप देतोय, आणि टेम्पो सेकंदाला २० मीटर वेगानं आपल्याकडं येतोय. पहिली थाप निघाली. दुसरी निघाली तेव्हा टेम्पो २० मीटर जवळ आलेला आहे, म्हणून तिला तेवढं कमी चालायचंय. ती ०.०५८ सेकंद लवकर पोहोचते. तिसरीचंही तेच. हलगीवाल्याचा हात तसाच सेकंदाला एक पडतोय, पण आपल्या कानावर थापा ०.९४२ सेकंदाला एक अशा पडतात. टेम्पो पुढं निघून गेला की उलटं: प्रत्येक थापेला आधीच्यापेक्षा २० मीटर जास्त चालायचं, मग त्या १.०५८ सेकंदाला एक येतात. भोंग्याचंही हेच, फक्त त्याच्या थापा सेकंदाला काहीशे असतात, आणि इतक्या थापा कानाला वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत, सूर म्हणून ऐकू येतात. दाट पडल्या तर चढा सूर, विरळ पडल्या तर उतरलेला.

आणि आपण गाडीत, भोंगा स्थिर असला तर? खिडकीत बसून फाटकाची घंटी ऐका, तीही आपण पुढं गेल्यावर उतरते. पण आत घडतं ते वेगळं. भोंगा चालतो तेव्हा हवेतल्या लाटाच पुढं दाटतात आणि मागं विरळ होतात. आपण चालतो तेव्हा लाटा आहेत तशाच असतात, आपण त्यांना भराभर भेटतो. म्हणून दोन्हींची सूत्रं वेगळी. सेकंदाला २० मीटर वेगाला पहिल्यात सूर ६.२ टक्के चढतो, दुसऱ्यात ५.८. कानाला हा फरक कळणं अवघड, पण मला तो फार आवडतो, कारण त्यातून कळतं की इथं तिसराही कुणी आहे: मधली हवा.

आण्णांच्या ‘नेहमीच्या चालीचा’ आकडा मी कॉलेजात असताना काढला. रात्री अभ्यास करताना सूत्र समोर होतं, आणि एकदम डोक्यात आलं की रे आणि सा यांचं गुणोत्तर तर आपल्याला पाठ आहे. शुद्ध रे म्हणजे ९ला ८. येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांचं गुणोत्तर ९/८ यायला गाडीचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती हवा? समीकरण दोन ओळींत सुटलं. दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज. १ भागिले १७. आवाजाच्या वेगाचा सतरावा भाग म्हणजे ताशी साधारण ७२ किलोमीटर. मी वही घेऊन आण्णांच्या खोलीत गेले, ते झोपले होते, उठवलं. “आण्णा, तुमची गाडी ७२नं जायची.” ते उठून बसले आणि विचारलं, “आणि कोमल रे?”

कोमल रे १६ला १५. वजाबाकी १, बेरीज ३१. ताशी ४०. कोमल गंधार ६ला ५, म्हणजे अकरावा भाग, ताशी ११२. शुद्ध गंधार ५ला ४, नववा भाग, ताशी १३७. त्या रात्री आम्ही वहीच्या मागच्या पानावर असा तक्ता केला आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानात, लक्ष्मीच्या फोटोखाली, चिकटवला. पुढं महामार्गावर उजळाईवाडीच्या बाजूला कधी उभं राहावं लागलं तर आण्णा हॉर्न ऐकून हळूच म्हणायचे, “गंधार. मरायचं काम.” एखादी गाडी शुद्ध गंधारानं गेली की त्यांचा चेहरा खरोखर चिंतेत पडायचा. त्यांना वेग ऐकू यायचा, आणि वेग म्हणजे काय हे त्यांना कळायचं.

तक्त्यात एक दुरुस्ती नंतर करावी लागली. आवाजाचा वेग हवेच्या उबेवर ठरतो: शून्य अंशाला ३३१, पुढं प्रत्येक अंशामागं साधारण ०.६ मीटर जास्त. मे महिन्यात ३८ अंश असताना तोच शुद्ध रे ऐकू यायला गाडीला ताशी ७५नं जावं लागेल. उबेचं हे गणित बासरीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. गार रात्री उघड्यावरच्या मैफलीत बासरी उतरते, पेटी जिथं होती तिथंच राहते, कारण बासरीचा सूर आतल्या हवेचा आणि पेटीचा सूर पितळाचा. आण्णा अशा वेळी पेटीवाल्याला कधी दोष द्यायचे नाहीत, बासरीवाल्यालाही नाही. “थंडी हाय,” एवढंच म्हणायचे.

आणि थंडीतलीच दुसरी गोष्ट. डिसेंबरात पहाटे आमच्या घरी स्टेशनवरच्या गाडीचा भोंगा असा ऐकू येतो की जणू गाडी मागच्या गल्लीत उभी आहे. दुपारी तोच भोंगा ऐकू येत नाही. लहानपणी मला वाटायचं, पहाटे गाव शांत असतं म्हणून. ते आहेच. पण रात्रीतून जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते, वरची त्या मानानं उबदार राहते. वरच्या हवेत आवाज जलद चालतो, खालच्या हवेत सावकाश, म्हणून वर निघालेली लाट वाकून पुन्हा जमिनीकडं येते. दुपारी तापलेल्या जमिनीवर नेमकं उलटं होतं, आवाज वर उचलला जाऊन डोक्यावरून निघून जातो. शाहू मिल सुरू होती तेव्हा तिच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे. पहाटेचा भोंगा कुठवर जायचा याच्या गोष्टी जुनी माणसं सांगतात, आणि मला त्या खऱ्या वाटतात. वारा मात्र सूर बदलत नाही. भोंगा आणि आपण दोघं जागेवर असलो तर वाऱ्यानं आवाज मोठा-लहान होईल, चढा-उतरता होणार नाही.

ज्याच्या नावानं हे सगळं ओळखलं जातं तो क्रिस्टियन डॉप्लर साल्झबुर्गचा, गवंड्यांच्या घराण्यातला, जन्म १८०३ चा. २५ मे १८४२ रोजी प्राग शहरात त्यानं आपला निबंध वाचला, आणि तो आवाजाबद्दल नव्हता. जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल होता. तारा आपल्याकडं येत असला तर निळसर, दूर जात असला तर लालसर दिसेल, असं त्याचं म्हणणं. डोळ्यांना दिसणारे ताऱ्यांचे रंग त्यामुळं नसतात, तिथं त्याचं चुकलं. पण तत्त्व पक्कं होतं. ते तपासायला ताऱ्यांकडं जाता येईना, तेव्हा बाइस बॅलॉट या डच शास्त्रज्ञानं आगगाडी घेतली. फेब्रुवारी १८४५ मधला पहिला प्रयत्न बर्फाच्या वादळानं उधळला. जूनमध्ये उत्रेख्त आणि मार्सेन या गावांमधल्या रुळांवर त्यानं पुन्हा गाडी सोडली. गाडीवर तुताऱ्या वाजवणारे उभे, रुळांच्या कडेला तयार कानाचे वादक उभे. गाडी जाताना सूर कितीनं बदलला ते त्यांनी कानानं ठरवायचं. वेग मोजायला साधनं होती, सूर मोजायला नुसते कान. सूर डॉप्लरच्या हिशेबानं बदलला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयात रडले होते. रुळांच्या कडेला उभी राहून सूर ओळखणारी ती डच माणसं, आणि रुकडीच्या बांधावर चपला काढून उभे असलेले आण्णा. मला तेव्हापर्यंत वाटायचं की आमचा तो रविवारचा खेळ. तो विज्ञानातला सर्वांत सुंदर प्रयोग होता, आणि आम्ही तो दर महिन्याला करत होतो.

वर्गात मला आगगाडी आणता येत नाही, म्हणून गोफण आणते. जोंधळ्याची पाखरं राखायला वापरतात तीच. खड्ड्यात दगडाऐवजी एक बारकी इलेक्ट्रॉनिक शिट्टी, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर वाजणारी, फडक्यात गुंडाळून घट्ट बांधलेली. मैदानात एक मुलगा ती डोक्यावर गरगर फिरवतो, बाकी वर्ग लांब गोल करून उभा. मीटरभर दोरी आणि सेकंदाला दोन फेऱ्या झाल्या तर शिट्टीचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर होतो, आणि गोलातल्या प्रत्येकाला सूर कोमल रे एवढा वर-खाली होताना ऐकू येतो. पोरं आनंदानं ओरडतात. दोन वर्षांपूर्वी गोफण फिरवणारा मुलगा मात्र गोंधळून थांबला. “मॅडम, बदलत न्हाई की. मला सरळच ऐकू येतंय.”

त्या दिवशी तास संपल्यावरही आम्ही मैदानातच बसलो. शिट्टी तर त्याच्याच हातात होती, सगळ्यांत जास्त फिरताना त्यालाच दिसत होती. पण तिचं त्याच्या कानापासूनचं अंतर सगळा वेळ तेवढंच होतं. ती त्याच्याकडं येत नव्हती, त्याच्यापासून जातही नव्हती. म्हणजे सूर बदलायला नुसता वेग पुरत नाही, अंतर बदलावं लागतं. हे मुलांना मी सांगायच्या आधी त्या मुलानंच फळ्यावर काढून दाखवलं, मध्ये ठिपका, भोवती वर्तुळ. मी खडू परत घेतला नाही.

वेग अंगावर येण्याच्या टोकाला काय होतं, तेही मुलं विचारतातच. आवाजच मागं पडेल इतक्या वेगानं काही गेलं तर? त्याचं उत्तर आमच्या गल्लीत पूर्वी दर आठवड्याला यायचं. पोतराज आसूड उडवतो तेव्हा जो कडाड आवाज होतो, तो चामडं चामड्यावर आपटल्याचा नसतो. आसुडाचं निमुळतं टोक क्षणभर आवाजाच्या वेगाच्या पुढं जातं आणि दाटलेल्या लाटा एकाच धक्क्यात फुटतात. लढाऊ विमानांच्या गडगडाटाची तीच जात.

कोल्हापूर आणि हे तत्त्व यांची माझ्या मनातली सर्वांत लांबची गाठ मात्र फारच लांब आहे. गायिका केसरबाई केरकर लहान असताना काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडं शिकल्या. पुढं त्यांचं गाणं घडवलं ते अल्लादिया खाँसाहेबांनी, शाहू महाराजांच्या दरबारच्या गवयानं. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर अंतराळयानं निघाली तेव्हा त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी ठेवलेली होती. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आता सूर्यापासून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं दूर जातंय. तबकडी तिथं वाजत नाही, वाजली तरी ऐकवायला हवा नाही. पण यानाचा रेडिओ संदेश येतो, आणि त्याची कंपनं किती उतरली यावरून शास्त्रज्ञ त्याचा वेग ओळखतात. रेडिओला हवा लागत नाही, म्हणून सूत्र थोडं वेगळं, पण गोष्ट रुकडीचीच. आणि यात एक विलक्षण वळण आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं धावते. वर्षातले काही महिने ती यानाच्या बाजूलाच धावत असते, त्याच्यापेक्षा जोरात. त्या महिन्यांत आपल्यातलं अंतर कमी होतं, आणि कायमच्या निघून गेलेल्या त्या यानाचा सूर इथं चढा ऐकू येतो. मी हे आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “कुठल्या महिन्यात?”

गेल्या वर्षी आण्णांना धाप लागायला लागली. राजारामपुरीत दर चार पावलांवर पाटी असते: टू-डी इको, कलर डॉप्लर. मी ते नाव रोज वाचत होते आणि कधी त्याखाली आत शिरले नव्हते. आण्णा डाव्या कुशीवर, छातीवर जेल, डॉक्टर बाई हातातलं यंत्र बरगड्यांमध्ये टेकवून जरा जरा कलती करत होत्या. पडद्यावर झडपा उघडमीट करत होत्या, त्यांच्यातून लाल-निळं काहीतरी उसळत होतं. त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. शूऽऽश्... शूऽऽश्... वाऱ्याचा, तालात.

आण्णांनी मान वळवली. “ह्यो रक्ताचा आवाज?”

डॉक्टर हो म्हणाल्या. मला राहवलं नाही, मी आण्णांच्या कानाशी वाकून सांगितलं, की रक्ताचा नाही, फरकाचा. यंत्रातून सेकंदाला २५ लाख कंपनांचा आवाज आत जातो, तो कुणालाच ऐकू येत नाही. रक्त त्याला परत पाठवतं. शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर चालतो, रक्त सेकंदाला मीटरभर. परत आलेला आवाज किंचित बदललेला असतो, आणि दोनदा बदललेला: रक्त त्याला भेटतं तेव्हा ते फिरता कान असतं, परत पाठवतं तेव्हा फिरता भोंगा. गेलेल्या आणि आलेल्या कंपनांची वजाबाकी सव्वातीन हजाराच्या आसपास भरते. आणि सव्वातीन हजार माणसाला ऐकू येतात. पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही वर, पण ऐकू येतात. यंत्र तेवढी वजाबाकीच वाजवून दाखवतं.

“म्हंजे डोलणं,” आण्णा म्हणाले.

त्या अरुंद पलंगावर, छातीवर जेल लावलेल्या माणसाला जे एका शब्दात कळलं ते मला समजायला पदवी लागली होती. ते डोळे मिटून ऐकत राहिले. पडद्यावर लाल म्हणजे यंत्राकडं येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. हे रंग यंत्रानं दिलेले, पण डॉप्लरला ताऱ्यांमध्ये जे हवे होते ते येण्याजाण्याचे रंग अखेर इथं, माणसाच्या छातीत लागले. डॉक्टरांनी एके ठिकाणी यंत्र थांबवलं. शूऽश्च्या मागं एक बारीक फुस्स होती. मला ती ऐकू आली नसती. आण्णांनी डोळे उघडले.

“गळतंय.”

डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. “हो आजोबा. एक झडप पूर्ण मिटत नाहीये. थोडीच आहे.”

“चामडं सैल झालं की असंच वाजतंय,” आण्णा म्हणाले. पेटीतल्या पट्टीखालचं चामडं झिजलं की हवा अशीच सुटते, आणि ती त्यांनी उभं आयुष्य ऐकलेली. “आणि भाता?”

“भाता चांगला चालू आहे.”

गोळ्या सुरू झाल्या. धाप कमी आहे. आता ते फार चालत नाहीत, रुकडी तर लांबच. तक्ता अजून दुकानात आहे, कागद पिवळा पडलाय. त्यांना वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत, चिमण्यांचं त्यांना कळत नाही, पण दोन सुरांमधलं अंतर त्यांना अजून तेवढंच नेमकं कळतं.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले. बांध आहे, ऊसही आहे, वर आता विजेच्या तारा आहेत. फोन हातात धरून उभी राहिले. एक गाडी न थांबता गेली, भोंगा दाबून. इंजिन नवं, भोंगाही वेगळा, पण उतरला. घरी येऊन आण्णांना म्हटलं, ऐका. मी बटण दाबणार एवढ्यात ते म्हणाले, “थांब.” पायातल्या घरातल्या चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या. मग मान हलवली.

गाडी खोलीतून गेली.

“कितीनं उतरला?” त्यांनी विचारलं.

मी गुणगुणून पाहिलं. “रेच्या वर आहे. कोमल ग?”

“न्हाई, अलीकडंच थांबली. परत लाव.”